आधी त्यांना उतरू द्या

आमच्या बेळगाव-निपाणीकडं पाहुण्याच्या तोंडावर विश्वास ठेवायची पद्धत नाही. पाहुणा "बास" म्हणाला म्हणजे त्याचं पोट भरलं, असं कुणी समजत नाही. तो म्हणणार, "नको नको, आत्ताच घरनं खाऊन आलोय." यजमान म्हणणार, "अहो, असं कसं? अर्धी तरी घ्या." मग पाहुणा ताटावर आडवा हात धरणार, यजमान त्या हाताला चुकवून भाकरी वाढणार, आणि प्रकरण "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ" इथवर आलं की पाहुणा मान डोलवत पोटभर जेवणार. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. तरी पहिल्याच विचारण्याला "वाढा" म्हणणारा हावरा ठरतो, आणि एकदाच विचारून भांडं उचलणारा चिक्कू ठरतो.

माझं लग्न नवं होतं तेव्हा या नाटकानं मला एकदा चांगलंच रडवलं. सासुरवाडी निपाणीची. एकटाच गेलतो. सासूबाई कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेल्या, म्हणून वाढायला थोरला मेहुणा. हा गडी पलटणीत राहून नुकताच परत आलेला. त्यानं विचारलं, "भात?" मी रिवाजाप्रमाणं म्हटलं, "बास." त्यानं सरळ भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं की हो! मी पाटावर तसाच बसून. आता परत येईल, मग येईल. तो आला तो हात पुसत, आणि म्हणाला, "चला दाजी, पान खाऊ."

लढाईचे दिवस, दुसऱ्या महायुद्धाचे. पेट्रोल मिळायचं नाही, एसट्या वगैरे तेव्हा कुठल्या, खाजगी मोटारी कोळशाच्या भट्टीवर चालायच्या. परतीची आमची मोटार वंटमुरीच्या चढाला धापा टाकून उभी राहिली. सगळे उतरून मागनं चालायला लागलो. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "भूक होती तर म्हणायचं न्हाय का, वाढा म्हणून? भीड भिकेची बहीण हो!"

"आणि तुझ्या माहेरची माणसं काय म्हणाली असती?" मी चिडून विचारलं.

"जावई हावरा हाय म्हणाली असती," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. आता यातनं माणसानं काय शिकावं, तुम्हीच सांगा. मला तरी काही उमगलं नाही.

हे जेवणाचं पुराण लावलंय ते विमानांसाठी. लढाईत बेळगावच्या पूर्वेला माळावर विमानं उतरायची धावपट्टी झाली. मी वायरलेस शिकलो होतो, इंग्रजी बरं होतं, म्हणून तिथं लागलो. खडेबाजारामागच्या आमच्या घरातनं सायकल मारत जायचं. लाकडी मनोरा, वर चारी बाजूंनी काचा लावलेली खोली, तिला कंट्रोल म्हणायचे. तिथं एक गोरा अधिकारी. तो माझा साहेब. उंच, हडकुळा, उन्हानं नाक कायम सोललेलं. स्वभावानं वाईट नव्हता, पण एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचा नाही. माझं काम कानाला हेडफोन लावून वरच्यांचं ऐकायचं आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं मांडायचं. कुठलं विमान, कुठनं येतंय, किती उंचीवर हाय, पेट्रोल किती वेळ पुरंल.

पहिले काही महिने माझं डोकं नुसतं गरगरायचं. घरी आजूबाजूचे विचारायचे, "तुम्ही विमानाला काय देताय रं खालनं? पेट्रोल संपलं तर तुम्ही काय करणार?" खरं सांगायचं तर काही नाही. खालच्या माणसाच्या हातात पेट्रोल नसतं. त्याच्या हातात फक्त पाळी असते. बैल दमले तर गाडी बाजूला सोडता येते. विमानाचं तसं नाही, ते वर आहे तोवर पीतच राहतं. म्हणून ज्याचं संपत आलंय त्याला आधी बोलवायचं, बाकीच्यांना वेगवेगळ्या उंचीवर गोल फिरत ठेवायचं, पट्टीवरची म्हसरं हाकलायची, आग विझवायचा बंब तयार ठेवायचा, आणि त्याला हिंडू न देता सरळ पट्टीच्या तोंडाशी आणायचं. एवढंच कंट्रोलचं काम. ऐकायला सोपं आहे.

पण यातली मेख अशी की वरच्याची टाकी खालनं दिसत नाही. तो सांगेल ते खरं. त्यासाठी नियम होता. जीवावरच बेतलं तर पायलटनं एक ठराविक हाक द्यायची. ती हाक दिली की लाटसाहेबाचं विमान असलं तरी बाजूला व्हायचं आणि याला वाट द्यायची. हाक दिली नाही तर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. आणि उगाच हाक दिली, तर खाली आल्यावर चौकशी. नियम मला तोंडपाठ होता. माणसं मात्र पाठ होत नव्हती.

लढाई संपली. गोरे जाणार जाणार म्हणत होते, पण अजून गेले नव्हते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली एक दुपार. वळवाचे दिवस. सकाळपासून घामाच्या धारा आणि दुपारनंतर खानापूरच्या बाजूला आभाळ शाईसारखं झालं. लोंढ्याकडं विजा दिसायला लागल्या. माळावरची तांबडी धूळ उठली आणि काचेच्या खोलीत दातांखाली कचकच लागायला लागली. अशा वेळी दोन विमानं आमच्या माथ्यावर आली.

एक मोठं, माणसं नेणारं. त्यात कोणी बडा साहेब बसलेला. त्याचा पायलट गोरा. आल्या आल्या तो ओरडला, "पेट्रोल कमी आहे, मला लगेच उतरवा!" दुसरं लहान, दोन जणांचं, पण आत एकटाच पायलट. बंगळुराकडनं पुण्याला निघालेला. कोल्हापूरच्या अलीकडं वादळ आडवं आलं, त्याला वळसा घालून बघितला, जमलं नाही, म्हणून माघारी आमच्याकडं आलेला. आवाजावरनं पोरगा आपल्याकडचा वाटत होता. इंग्रजी स्वच्छ, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सर."

साहेबानं त्याला विचारलं, "पेट्रोल किती?"

"थोडं कमी आहे, सर."

"थांबू शकशील?"

"हो सर. थांबतो. आधी त्यांना उतरू द्या, सर."

झालं! साहेबानं मोठ्या विमानाला पुढं बोलावलं आणि मला फळ्यावर तसं मांडायला सांगितलं. मी खडू हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. पट्टी आमची एकच. मोठं विमान उतरलं की शेवटच्या टोकाला जाऊन वळणार आणि त्याच पट्टीवरनं रांगत परत येणार. तोवर ती अडकलेली. त्यातच वादळ पट्टीवर आलं तर नंतरच्याला काही दिसणार नाही. आणि हा म्हणतोय, आधी त्यांना उतरू द्या. पंगतीत बसल्यासारखा!

मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "साहेब, त्याला पुन्हा एकदा विचारा."

"का?"

"एकदा विचारून चालणार नाही."

साहेब माझ्याकडं वळला. "त्यानं स्पष्ट सांगितलं ना थांबतो म्हणून? तुमचाच माणूस आहे. तो खोटं बोलतोय का?"

"खोटं नाही, साहेब."

"मग खरं बोलतोय?"

आता काय सांगू? मला खरंच माहीत नव्हतं. आमच्यातला माणूस "थोडं कमी आहे, पण चालेल" म्हणतो तेव्हा खरंच चालत असतं किंवा त्याचा जीव चाललेला असतो. बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं. आणि तो गोरा ओरडतोय, त्याचं तरी खरं कशावरनं? त्यांच्यात ओरडून मागायची पद्धत असेल. किंवा खरंच टाकी कोरडी असेल आणि आत बसलेल्या सगळ्या माणसांचा जीव टांगणीला असेल. मी लहान विमानासाठी भांडावं आणि मोठं कुठं बाळेकुंद्रीच्या शेतात जाऊन आपटावं? लई भ्यालो मी. नोकरी जाईल याला नव्हे. वरनं एक तरी खाली पडणार आणि तो आवाज मी ऐकणार, याला भ्यालो.

साहेबानं पश्चिमेच्या काचेतनं आभाळाकडं बघितलं. मग त्यानं बोलायचा माईक माझ्या हातात कोंबला. "तुझ्या भाषेत विचार. लवकर."

हे नियमात बसत नव्हतं. वायरलेसवर इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, असा सक्त हुकूम होता. मी मराठीत म्हटलं, "पायलटसाहेब, खालनं बोलतोय. पेट्रोल किती हाय, खरं सांगा."

मग एकदम उजळलेला आवाज आला. "अरे वा! मराठी? कुठलं म्हणायचं तुम्ही?"

"बेळगावचा."

"आम्ही कोगनोळीकडचे! बरं हाय न्हवं, अण्णा? पाऊसपाणी काय म्हणतंय तुमच्याकडं?"

"काय म्हणतोय?" साहेबानं अधीर होऊन विचारलं.

"मी बरा आहे का विचारतोय, साहेब."

साहेबानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मलाही रडावं की हसावं कळेना. डोक्यावर काळं आभाळ, टाकीत काय देव जाणे, आणि हा कोगनोळीचा पठ्ठ्या खुशाली विचारतोय! पण चूक त्याची तरी कशी म्हणू? ओळख निघाल्यावर खुशाली न विचारता कामाचंच बोलणारा माणूस आमच्यात उद्धट. मी तरी "बेळगावचा" म्हणून उत्तर दिलंच की.

"पेट्रोलचं बोला," मी म्हणालो. "उतरताय का आधी?"

"न्हाय न्हाय, चालंल हो. मोठा साहेब हाय त्यात म्हणत्यात. त्यांना येऊ द्या आधी. माझं काय, थांबतो मी."

हा झाला दुसरा नकार. एव्हाना मोठं विमान वळसा घेऊन पट्टीच्या दिशेनं यायला लागलं होतं. पश्चिमेकडनं धुळीची भिंत सरकत येत होती. मला माझा मेहुणा आठवला, भांडं उचलून आत नेणारा. आणि एकदम डोक्यात तिडीक गेली. कुणावर, ते विचारू नका. त्या पोरावर, साहेबावर, आमच्या पंगतींवर, माझ्यावर. मी ओरडलो, "तुला तुझ्या आईच्या गळ्याची शपथ हाय! टाकीत किती हाय सांग!"

खोलीत साहेब होता, एक कानडी शिपाई होता. शिपायाला मराठी चांगलं येत होतं. तो दारातच थिजला. आईची शपथ अशी कुणी परक्याला घालत नाही, तीही वायरलेसवरनं.

वरून काहीच आलं नाही. खरखर होती तेवढीच. मला वाटलं, गेला.

मग आवाज आला. मघाचा उजळपणा त्यात राहिला नव्हता. लहान पोरासारखा बारीक झाला होता. "अण्णा, काटे कवाच तळाला टेकल्यात. इंजन मधनंच खोकतंय."

मी साहेबाकडं वळून तेवढं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं माझ्या हातातनं माईक हिसकावला. त्या माणसाचं एक मात्र मानलं पाहिजे, त्यानं पुढं क्षणभरही विचार केला नाही. मोठ्या विमानाला हुकूम दिला, "वर जा. पट्टी सोड. पूर्वेला जाऊन गोल फिर." तो गोरा पायलट जे काही बोलला ते मी फळ्यावर लिहिलं नाही. त्याला साहेबानं फक्त विचारलं, "तू आणीबाणीची हाक देतोस का? दिलीस तर तुला घेतो." त्यानं हाक दिली नाही, आणि विमान घोंगावत आमच्या डोक्यावरनं पूर्वेला गेलं.

साहेबानं इशाऱ्याचे लाल-हिरवे बार उडवायचं पिस्तूल काढलं, खिडकीतनं "उतर" म्हणून हिरवा बार उडवला आणि पोराला सांगायला लागला. घोटून घोटून, हळू आवाजात. घिरट्या घालू नकोस. उंची सोडू नकोस. पट्टी डावीकडं दिसेल. दिसली का? चाकं आत्ताच काढू नकोस, वाऱ्याला अडतात. इंजिन बंद पडलं तरी नाक वर उचलू नकोस, खालीच ठेव. प्रत्येक वाक्याला वरनं "हो सर" येत होतं. मग एकदा आलं नाही.

मी काचेला नाक लावलं. लहान विमान धुळीच्या कडेनं आलं आणि मला आधी कळलंच नाही की काय चुकतंय. मग ध्यानात आलं. आवाज नव्हता. पंख्याची पाती वेगवेगळी दिसत होती. घारीसारखं ते गप्प तरंगत आलं, कुंपणावरनं जेमतेम पलीकडं पडलं, एकदा उडालं, पुन्हा टेकलं आणि पट्टीच्या मधोमध येऊन उभं राहिलं. शिपाई "अय्यो देवरे, देवरे" करत होता.

पण आनंद करायलाही सवड नव्हती. विमान पट्टीच्या मधोमध, पुढं सरकायला आत एक थेंब नाही, आणि मोठं विमान वर फिरतंय. साहेब ओरडला, "ढकला!" जिने उतरून आम्ही पळालो. मी, शिपाई, बंबावरची माणसं, पट्टीकडेला गवत कापणाऱ्या दोघी बायासुद्धा विळे टाकून आल्या. पोरगा खाली उतरला होता, तोही शेपटीला लागला. "हं, लावा जोर!" करत विमान गवतात घातलं. टपोरे थेंब पडायला लागले होते. आमच्यामागं मोठं विमान पाणी उडवत उतरलं. बडा साहेब छत्रीखालनं मोटारीत बसला आणि आमच्याकडं न बघता गेला.

त्या मोठ्या विमानाच्या टाकीत खरंच किती होतं, ते मला कधीच कळलं नाही. विचारायची माझी पायरी नव्हती. माझ्या साहेबानं विचारलं असेल तर मला सांगितलं नाही. कधी वाटतं, भरपूर असेल, बड्याला वादळाआधी उतरायची घाई असेल. कधी वाटतं, त्यातही तळच असेल, आणि एका पोराच्या आईची शपथ घालून मी एवढ्या माणसांचा जीव पणाला लावला. आजही नक्की काय ते सांगता येत नाही. त्या दिवसाचा विचार आला की अजून गोंधळायला होतं.

पावसात भिजून आम्ही खालच्या शेडमध्ये आलो. पोरगा बाकावर बसला. विशी-बाविशीचा, मिसरूड फुटलेला, ओठ फुटून पांढरे पडलेले. साहेब आला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला एवढंच विचारलं, "हाक का दिली नाहीस?" पोरानं उभं राहून "सॉरी, सर" म्हटलं. साहेब मान हलवत वर गेला.

मी मराठीत विचारलं, "खरंच, का न्हाय दिलीस रं? मरत होतास की!"

त्यानं बाहीनं तोंडावरचं पाणी पुसलं. "काय सांगू, अण्णा. एक तर म्हणाले असते, काळ्याला पेट्रोल मोजता येत न्हाय. पण ते बी खरं न्हाय. त्यांनी आधी मागितलं. मग आपण कसं म्हणायचं, मला आधी द्या? तोंडातनं निघालंच न्हाय. काट्याकडं बघत हुतो आणि 'थांबतो' म्हणत हुतो. माझं मलाच कळंना, बोलतंय कोण." मग घुटमळून म्हणाला, "आईची शपथ कशाला घातलीसा? ती एकटीच असती घरात."

शेडच्या कोपऱ्यात शेगडीवर चहाची किटली होती, ती आणि एक कप मी उचलून आणला. त्या पोरानं दुपारपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, ते त्याच्या ओठांवरच दिसत होतं.

"चहा घेणार न्हवं?" मी विचारलं.

"नको अण्णा," तो म्हणाला. "आत्ताच झालाय."

"कुठं झाला रं?" मी किंचाळलो. "ढगात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. किटलीकडं बघितलं. तोंड वेडंवाकडं झालं, आधी मला वाटलं हसतोय. मग त्यानं कप उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"वता," तो म्हणाला. "भरून वता, अण्णा."

मी वतला.